आधी लिहा, मग बोला: गटाने निर्णय घेताना

इमारतीच्या समितीत आम्ही सात जण. विषय होता जुन्या लिफ्टचा. महिन्यातून दोनदा तरी ती मधेच अडकायची. अध्यक्षांनी फाइल उघडायच्या आधीच म्हटलं, "मला विचाराल तर नवीच बसवून टाकू. काय?" त्या 'काय'बरोबर त्यांची नजर टेबलाभोवती एकदा फिरली. दोघांनी मान डोलावली, एक जण मोबाइलमध्ये होते, मी म्हटलं, "चालेल." अकरा मिनिटांत ठराव झाला. लिफ्ट बंदच होती, म्हणून सगळे जिन्याने निघालो आणि खरी बैठक तिथे भरली. "एवढा खर्च कशाला?" "काम चालू असताना सासूबाईंना वर कसं न्यायचं?" "दुरुस्तीचं कोणी विचारलंच नाही." तिसरा मजला येईपर्यंत सातातले पाच जण ठरावाच्या विरोधात निघाले होते. अध्यक्षही म्हणाले, "अहो, मी आपलं सुरुवात म्हणून बोललो. तुम्ही कोणीच काही बोलला नाहीत, मग मला वाटलं तुम्हाला पटलंय."

या प्रकाराला नावही आहे. जेरी हार्वी या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये त्याला 'ॲबिलीन पॅराडॉक्स' म्हटलं. टेक्सासच्या रणरणत्या उन्हात एका घरातली चार माणसं ५३ मैलांवरच्या ॲबिलीन गावी जेवायला जातात, आणि घामाघूम होऊन परतल्यावर कळतं की जायचं कोणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना जायचंय.

आम्ही तो ठराव मागे घेतला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसलो. या वेळी बैठक चालवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा जी पद्धत वापरली आणि नंतर दुसऱ्या गटांतही वापरत आले, ती इथे देते आहे. समिती असो, ऑफिसची टीम असो की मित्रमंडळींचा गट, पाच ते नऊ माणसांना ती चांगली लागू पडते. लागतं काय? दीड तास, कोऱ्या चिठ्ठ्या, पेनं आणि घड्याळ.

गप्प बसणं हा भिडस्तपणा नसतो

पद्धतीआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचे सगळे प्रकार पोरखेळ वाटतील. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीइतकीच लांब रेघ कोणती, एवढं सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही. पण खोलीत एकच माणूस खरा होता, बाकीचे सगळे ॲशने पढवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. अशा फेऱ्यांत खऱ्या माणसांची साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या चुकीबरोबर वाहवत गेली. आणि पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हा दबाव एकदम ओसरायचा.

म्हणजे डोळ्यांसमोरच्या रेघेबद्दल ही गत, तर लिफ्टबद्दल काय होणार? बैठकीत पहिला जो बोलतो तो बाकीच्यांच्या डोक्यातली पाटी अर्धी पुसतो. तो मोठ्या पदावरचा असेल तर पूर्ण. पुढे जी तंत्रं सांगणार आहे ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात काढलेली आहेत, पण त्यांचा डाव एकच: पाटी पुसली जाण्याआधी प्रत्येकाला तिच्यावर लिहू द्यायचं.

प्रश्न फळ्यावर लिहा

"नवी लिफ्ट बसवायची का?" हा प्रश्न वाटतो, पण तो अर्धा निकालच आहे. हो किंवा नाही, एवढ्याच दोन वाटा त्यात उरतात. आम्ही तो बदलून लिहिला: "पुढची दहा वर्षं वरच्या मजल्यांवरची ये-जा सुरक्षित राहावी यासाठी लिफ्टचं काय करायचं?" एवढ्याने दुरुस्तीचा पर्याय टेबलावर परत आला. तिसराही एक आला, तो पुढे सांगते.

प्रश्नाखाली आणखी दोन ओळी लिहायच्या. निर्णय कोण घेणार? आणि कसा? सगळ्यांचं ऐकून एक जण ठरवणार, बहुमताने ठरणार, की कोणाचीच ठाम हरकत उरत नाही तोपर्यंत थांबायचं? यातलं काहीही चालतं. चर्चा संपत आल्यावर नियम ठरवला मात्र चालत नाही, कारण तोवर कोणता नियम आपल्याला सोयीचा हे प्रत्येकाला कळलेलं असतं.

एक सावधगिरी. भिंतीला कोणता रंग द्यायचा, पुढची बैठक कधी घ्यायची, असल्या गोष्टींना हा सगळा घाट घालू नका. जो निर्णय आठवड्याभरात फिरवता येतो तो कोणीतरी घेऊन टाकावा. फिरवायला महाग पडणाऱ्या निर्णयांसाठीच दीड तास खर्च करायचा.

दहा मिनिटं शांतता

सगळ्या पद्धतीतली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. प्रश्न वाचून दाखवायचा, प्रत्येकाला चार-पाच चिठ्ठ्या द्यायच्या आणि दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. पहिल्यांदा हे करताना तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी खाकरतं, कोणीतरी "माझं झालं" म्हणतं. हसून पुढची चिठ्ठी सरकवायची. चांगले मुद्दे बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या मिनिटानंतर येतात, सोपे संपल्यावर.

मग एका बाजूने सुरू करून प्रत्येकाने एकच चिठ्ठी वाचायची, ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवायची, मग पुढचा. चिठ्ठ्या संपेपर्यंत फेऱ्या. या वेळात "हे कसं शक्य आहे?" असं म्हणायला बंदी. "म्हणजे नेमकं काय?" विचारायला मुभा. अध्यक्ष, साहेब, गटातला सर्वांत ज्येष्ठ, जो कोणी वजनदार असेल, त्याची पाळी शेवटी.

हा प्रकार डेल्बेक आणि व्हॅन डे व्हेन या संशोधकांनी १९७१ मध्ये 'नॉमिनल ग्रुप टेक्निक' या नावाने मांडला. त्याआधी जगभर बोलबाला होता तो ब्रेनस्टॉर्मिंगचा. ॲलेक्स ऑसबर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने ते लोकप्रिय केलं: सगळे मिळून मोठ्याने कल्पना सुचवा, टीका करू नका. ऐकायला छान. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठात तपासून पाहिलं तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकटे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जवळपास दुप्पट भरल्या. कारण फार गूढ नाही. एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत एक तर आपला मुद्दा धरून बसतात, नाहीतर विसरतात.

आमच्या दुसऱ्या बैठकीत सत्तावीस चिठ्ठ्या जमल्या. त्यातली एक पेन्सिलने, बारीक अक्षरात लिहिलेली होती: "मशीन रूमच्या छतातून पावसात पाणी गळतं. मोटरवर पडतं." लिहिणारे काका दुसऱ्या मजल्यावरचे, बैठकीत सहसा तोंड न उघडणारे. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून हे फक्त त्यांनाच ठाऊक. पहिल्या बैठकीत का नाही बोललात, असं विचारल्यावर म्हणाले, "विषय नव्या लिफ्टचा होता ना, गळतीचा कुठे होता?" नवी लिफ्ट बसवली असती तर तिच्या मोटरवरही तेच पाणी पडलं असतं.

स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगाने हेच दाखवलं होतं. गट बोलतो ते मुख्यतः सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींबद्दल. एकाच माणसाकडे असलेली माहिती बहुधा त्याच्याकडेच राहते. म्हणून चिठ्ठ्या देताना मी आता एक वाक्य न चुकता म्हणते: "किमान एक चिठ्ठी अशी लिहा, जी फक्त तुम्हालाच माहीत असेल."

आकडा हवा असेल तर

अंदाजाचा प्रश्न असला, म्हणजे किती दिवस लागतील, किती लोक येतील, तर चर्चा करूच नका. प्रत्येकाने आकडा लिहून घडी घालून द्यायचा. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनातली ७८७ कार्डं तपासली होती. कापून साफ केलेल्या बैलाचं वजन किती भरेल, याची ती पैज होती. लोकांच्या अंदाजांतला मधला आकडा १२०७ पौंड, खरं वजन ११९८. एक टक्क्याचाही फरक नाही. पण एकमेकांचं न बघता लिहिलं तरच ही जादू चालते. पहिला मोठ्याने "पंधरा दिवस" म्हणाला की बाकीचे तेरा आणि सतराच्या मधेच घुटमळतात.

लिफ्ट किती दिवस बंद राहील याचे आमचे सात आकडे असे आले: ६, १०, १२, १६, २०, २१, ३०. मधला १६. सहा आणि तीस कोणी लिहिले हे विचारलं नाही. "कोणाला कमी किंवा जास्त वाटायचं काही खास कारण आहे का?" एवढंच विचारलं. कारणं ऐकून पुन्हा गुप्तपणे आकडे लिहायचे, असंही करता येतं. १९५० च्या दशकात रँड या अमेरिकी संस्थेत तयार झालेल्या डेल्फी पद्धतीचा गाभा हाच आहे.

एका वेळी एकच टोपी

आता फळ्यावर पर्याय आहेत. आमच्याकडे तीन उरले: आहे ती दुरुस्त करायची, पूर्ण नवी बसवायची, किंवा केबिन तीच ठेवून मोटर आणि कंट्रोलर बदलायचे. आता बोलायचं. पण इथे नेहमीचा गोंधळ होतो: एक जण फायदा सांगतो, दुसरा लगेच खोडतो, तिसरा आकडे काढतो, चौथा चिडतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त एका वेळी चार वेगळ्या बैठका चालू असतात.

माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये यावर सहा टोप्यांची युक्ती सांगितली. पांढरी टोपी म्हणजे फक्त माहिती. लाल म्हणजे मनाला काय वाटतं ते, कारण न देता. पिवळी म्हणजे फायदे, काळी म्हणजे धोके, हिरवी म्हणजे नव्या वाटा. निळी टोपी बैठक चालवणाऱ्याची: आता कुठे आहोत, पुढे काय. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, त्यामुळे हे नाव काढलं की खोलीत एकदा हशा पिकतोच. पिकू द्या.

नवखे लोक इथे एक ठरलेली चूक करतात: टोप्या वाटून देतात. "तुम्ही काळी घ्या, तुम्ही पिवळी." मग काळीवाला दीड तास खलनायक होऊन बसतो. युक्ती उलटी आहे. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच रंगाची टोपी घालायची. पाच मिनिटं सगळेच धोके शोधणार, ज्यांना तो पर्याय अतिशय आवडतो तेही. ज्याला नवीच लिफ्ट हवी आहे त्याच्या तोंडून नव्या लिफ्टचे धोके ऐकणं हा प्रत्येक वेळी डोळे उघडणारा अनुभव असतो.

क्रम मी असा ठेवते. पांढरी दहा मिनिटं. लाल प्रत्येकी एक वाक्य, त्यावर चर्चा नाही. मग पिवळी आणि तिच्यानंतरच काळी. काळी आधी आली तर फायदे शोधायची कोणाला इच्छाच उरत नाही. हिरवी शेवटी, काळीतून निघालेल्या अडचणींवर. चौथ्या मजल्यावरच्या मावशींनी लाल टोपीच्या वेळी म्हटलं, "मला त्या लिफ्टची भीती वाटते, मी दोन वर्षं चढतेच आहे." आकड्यांत हे कुठेच नव्हतं.

टोपी बदलायला सांगणं धोक्याचंही ठरू शकतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या बूस्टरबद्दल, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटांबद्दल, फोनवर बैठक चालली होती. इतक्या थंडीत रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उड्डाण नको, असं अभियंते सांगत होते. तेव्हा बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापनाची घालायला सांगितलं. कंपनीने होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. एका माणसाची टोपी त्याचं मत बदलावं म्हणून काढायला लावणं, आणि सगळ्यांनी मिळून ठरावीक वेळ एकाच दिशेने बघणं, यांत केवढं अंतर आहे ते इथे दिसतं.

वर्षानंतर फसलं, असं धरून चाला

एखाद्या पर्यायाकडे कल झुकलाय असं दिसलं की पेनं परत हातात द्या आणि हे वाक्य वाचा: "एक वर्ष उलटलंय. आपण हा निर्णय घेतला आणि तो साफ फसला. काय झालं, ते लिहा." पाच मिनिटं, पुन्हा चिठ्ठ्या. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हे 'प्रीमॉर्टेम' म्हणून मांडलं.

वाक्य भूतकाळातच हवं. "फसू शकेल का?" विचारलं तर लोक सभ्यपणे "तसं काही वाटत नाही" म्हणतात. फसलंच आहे म्हटल्यावर शंका काढणं हा अपशकुन राहत नाही, ती हुशारी ठरते. आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्या: "जुन्या केबिनला नवा कंट्रोलर जुळला नाही." "गळती तशीच राहिली." "कामाच्या मधेच पैसे संपले." "बंद असताना एकाला दवाखान्यात न्यावं लागलं, खाली उतरवता आलं नाही." शेवटच्या चिठ्ठीवर खोली शांत झाली. त्यातूनच काम चालू असेपर्यंत जिन्यातून उतरवायची घडीची खुर्ची भाड्याने आणायचं ठरलं.

एकाला मुद्दाम विरोधक नेमायची जुनी रीत आहे. तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देताना आक्षेप घेणारा अधिकारी १५८७ पासून असायचा, 'सैतानाचा वकील' हा शब्द तिथूनच आला. पण नेमलेला विरोधक नाटक करतोय हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्याचं ऐकून घेतात आणि सोडून देतात. सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लिहिल्या की नाटक उरत नाही.

गटात फार वजनदार माणूस असेल तर आणखी एक उपाय: त्याने थोडा वेळ बाहेर जावं. क्युबातलं सरकार उलथवण्यासाठी अमेरिकेने आखलेली पिग्स उपसागराची मोहीम एप्रिल १९६१ मध्ये सपशेल फसल्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपली पद्धत बदलली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा सल्लागारांच्या काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, लोकांनी मोकळं बोलावं म्हणून. आमचे अध्यक्ष प्रीमॉर्टेमच्या वेळी गच्चीवर गळती बघायला गेले. स्वतःहून.

गुण द्या, पण गुणांवर सोपवू नका

आता आकडेमोड. निकष लिहा, प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे वजन द्या, प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर १ ते ५ गुण द्या, गुणा आणि बेरीज करा. आमचे निकष आणि वजनं: सुरक्षितता ५, बंद राहण्याचे दिवस ४, खर्च ३, पुढची देखभाल २. वजनं आधी ठरवायची, गुण नंतर. उलट केलं तर आवडता पर्याय जिंकेल अशी वजनं आपोआप सुचतात.

त्याच क्रमाने गुण असे पडले.

दुरुस्ती: २, ५, ५, १. म्हणजे १० + २० + १५ + २ = ४७.
नवी लिफ्ट: ५, १, १, ५. म्हणजे २५ + ४ + ३ + १० = ४२.
मोटर-कंट्रोलर बदल: ४, ३, ३, ४. म्हणजे २० + १२ + ९ + ८ = ४९.

४९ जिंकला म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. एक वजन हलवून पाहा. 'बंद राहण्याचे दिवस' याला ४ ऐवजी ५ दिले तर दुरुस्ती ५२ आणि बदलही ५२. म्हणजे आमचा सगळा निर्णय एका वजनावर टांगलेला होता. तक्त्याचा खरा उपयोग हाच: वाद नेमका कशावर घालायचा ते कळतं. बाकीच्या निकषांवर बोलणं थांबवून आम्ही वीस मिनिटं फक्त दिवसांवर बोललो.

आणि मग मावशींनी विचारलं, "सुरक्षिततेला दुरुस्तीचे दोनच गुण, तरी ती बरोबरीला कशी येते?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. बेरजेत एका निकषावरची वाईट कामगिरी दुसऱ्या निकषावरची चांगली कामगिरी झाकून टाकते. स्वस्त आहे, म्हणून असुरक्षित चालेल, असं बेरीज आपल्या नकळत म्हणत असते. ज्या गोष्टीवर तडजोड करायचीच नाही ती गुणांत घालू नये, दारातच तपासावी. आम्ही ठरवलं, सुरक्षिततेला किमान ३. दुरुस्ती दारातच अडली.

मतदान आणि नोंद

तीन किंवा जास्त पर्याय असतील तर "हा की तो" अशी जोडीजोडीने मतं घेऊ नका. फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवलं की तीन माणसांची पसंती अबक, बकअ, कअब अशी असेल तर अ ब-ला हरवतो, ब क-ला हरवतो आणि क अ-ला हरवतो. मग कोणती जोडी आधी घेतली, यावर निकाल ठरतो. त्यापेक्षा मला बोटं बरी वाटतात. सगळ्यांनी एकदम हात वर करायचा. पाच बोटं म्हणजे पूर्ण पाठिंबा, तीन म्हणजे चालेल, मूठ म्हणजे हरकत. दोन किंवा कमी बोटं दाखवणाऱ्याला एकच विचारायचं: "काय बदललं तर तुमची तीन होतील?" ऑनलाइन बैठकीत बोटांऐवजी आकडा टाइप करून ठेवायचा आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचा.

नोंदवहीत फक्त ठराव लिहून थांबू नका. कोणते पर्याय सोडले, का सोडले, कोणाची काय हरकत होती, आणि निर्णय पुन्हा तपासायची तारीख, एवढं लिहा. हरकत घेणाऱ्याच्या शब्दांत लिहा, सौम्य करून नको.

आमच्या वहीत त्या दिवशी लिहिलं गेलं: आधी छताची गळती, मग मोटर आणि कंट्रोलर, केबिन तीच. सहा जणांची तीन किंवा जास्त बोटं. एकाची दोन: "जुन्या केबिनचा दरवाजा पुन्हा त्रास देईल." सहा महिन्यांनी तपासायचं ठरलं. तपासलं तेव्हा दरवाजा खरोखरच त्रास देत होता, आणि कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही, वही होती.

काम चाललं एकोणीस दिवस. सहा हा आकडा कोणाचा होता हे तेवढ्यात कळलं. अध्यक्ष पाचव्या मजल्यावर राहतात, आणि सातव्या दिवशी सकाळी जिन्यात दम घेत उभे असताना त्यांनी ते स्वतःच कबूल केलं.